नाकाबंदीवर गेलेला दीर, धाकटी जाऊ आणि फाइलवरचा 'अपघात' हा शब्द

सत्तरीची_थोरली, सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा दीर पोलिसात कॉन्स्टेबल होता. चार महिन्यांपूर्वी रात्री नाकाबंदीवर असताना त्याने एका गाडीला हात दाखवला. गाडी थांबली नाही, उलट वेग वाढवून त्याच्या अंगावर आली. बांबोळीच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय ३३. जाऊ २९ वर्षांची, मुलगी चार वर्षांची. सासूबाई आमच्याजवळच असतात, गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या घरी.

सलामी झाली. तिरंग्यात आणला. महिनाभर दारात गाड्या उभ्या असायच्या, आता फक्त कागद येतात. आणि ते कागद मला कळत नाहीत. जाऊ तर अजून कागदाकडे बघतसुद्धा नाही. बारावी झालेली आहे, हुशार आहे, पण आत्ता तिच्याकडून होत नाही. म्हणून मी धावपळ करतेय.

परवा आलेल्या पत्रात 'रस्ता अपघातात निधन' असं लिहिलंय. खाली जावेची सही हवी आहे. दिराच्या बरोबरचा एक जण घरी आला होता, तो जाताना दारात हळूच म्हणाला, "वहिनी, सही करायच्या आधी तो शब्द कुणाला तरी दाखवा." जास्त काही बोलला नाही. त्याचीही नोकरी आहे.

तर एका शब्दाने काय फरक पडतो? दीर २०१४ साली भरती झाला, म्हणजे नव्या पेन्शनवाला. मग पेन्शन मिळणार की नाही? आणि तिसरं लिहायला जड जातंय, पण लिहिते. सासूबाईंचं म्हणणं आहे की अनुकंपाची नोकरी माझ्या नवऱ्याला लागावी, तो शेतीच बघतो. मला ते पटत नाही. पण नियम काय आहे ते ठाऊक नसताना घरात बोलणार कशी?

---

फोंड्याचे_काका, सोमवार, रात्री १०:५५

बाय, आधी एक कर. त्या पत्रावर जावेची सही घेऊ नकोस. पत्र पोचल्याची पोच द्यायला हरकत नाही, पण मजकूर मान्य आहे असं लिहून देऊ नका.

मी सरकारी लेखा शाखेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी पेन्शनच्या टेबलावर. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, त्यामुळे आपल्या राज्य कर्मचाऱ्यांना पेन्शनच्या बाबतीत केंद्राचे सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) नियमच लागत आले. त्यातले कर्तव्यावरच्या मृत्यूचे आणि अपंगत्वाचे नियम वेगळे आहेत, त्यांना 'असाधारण पेन्शन' म्हणतात. मूळ १९३९ चे, आता २०२३ चे नवे आले. त्यात मृत्यूचं कारण बघून ए पासून ई पर्यंत गट पाडलेत. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेला मृत्यू. बी म्हणजे नोकरीमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार. सी म्हणजे कर्तव्य बजावताना झालेला अपघात. डी म्हणजे दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसेत आलेला मृत्यू. ई युद्धाचा आणि सीमेवरचा.

आता तुमच्या शब्दाचा हिशेब. समजा मूळ पगार ३२,००० होता (हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय). ए गटात साधी फॅमिली पेन्शन, म्हणजे पहिली दहा वर्षं निम्मा पगार, १६,०००, आणि त्यानंतर ३० टक्के, म्हणजे ९,६००. बी आणि सी गटात ६० टक्के, १९,२००, आणि ती दहा वर्षांनी उतरत नाही. डी गटात शेवटचा पूर्ण पगार, ३२,०००. या सगळ्यावर महागाई भत्ता वेगळा.

पोरगी चार वर्षांची आहे. दहा वर्षांनी ती नववीत असेल, खर्च वाढायच्या नेमक्या वेळी ९,६०० की ३२,००० हे त्या एका शब्दावर ठरणार.

नुसतं 'रस्ता अपघातात निधन' असं लिहिलं की कारकून ते ए मध्येही ढकलू शकतो, कारण ड्युटीवर होता हे त्या वाक्यात कुठेच नाही. 'कर्तव्यावर असताना अपघात' लिहिलं तर सी. आणि थांबायचा इशारा केल्यावर गाडी मुद्दाम अंगावर घातली असेल तर तो अपघात कसला? मग डी मागायलाच हवा.

एफआयआर कुठल्या कलमाखाली आहे ते बघून सांग.

---

पेडण्याची_लेक, सोमवार, रात्री ११:१०

वाचून घशात आवंढा आला. ताई, जावेला आमचा नमस्कार सांगा.

पोलिसांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे ना? मुलींना महिना ३,००० मिळतात असं वाचलं होतं.

---

फोंड्याचे_काका, मंगळवार, सकाळी ७:२०

आहे, पण नीट वाचावं लागेल. २०१९ साली ती राज्य पोलिसांच्या मुलांना लागू केली, ती दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात शहीद झालेल्यांच्या मुलांना. वर्षाला ५०० जणांचा कोटा. आणि ती व्यावसायिक पदवीच्या शिक्षणाला आहे. इथे ती बसणार नाही, उगाच आशेला लावायला नको.

---

सत्तरीची_थोरली, मंगळवार, दुपारी १:०५

काका, एफआयआर काढला. भारतीय न्याय संहिता कलम २८१ आणि १०६. रात्री बसून तुमचे आकडे जावेला वाचून दाखवले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने मला प्रश्न विचारला, "मग हे कुणी लिहिलं?"

---

अ‍ॅड_म्हापसा, मंगळवार, रात्री ८:३०

फौजदारी आणि मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, म्हणून लिहितो.

२८१ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, जुन्या दंड संहितेतलं ३०४ अ. नाकाबंदीवरच्या प्रकरणात एवढंच लागलं असेल तर विचारायला जागा आहे. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर केला तर १३२ आहे, दुखापत केली तर १२१ आहे. परिणाम कळत असूनही गाडी अंगावर घातली तर १०५, सदोष मनुष्यवध. तुम्ही नातेवाईक म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, प्रत वरिष्ठांना. बरोबरच्या पोलिसांचे जबाब, बॅरिकेड कुठे होतं त्याचा पंचनामा, ब्रेक लागल्याच्या खुणा रस्त्यावर होत्या की नव्हत्या, सीसीटीव्ही, एवढं मागा. आरोपपत्र जायच्या आधी हे झालं तर बरं, पण नंतरही पुढचा तपास होऊ शकतो.

फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट बघत पेन्शनचा गट अडकवून ठेवू देऊ नका. खात्याने स्वतःची चौकशी करून कारण ठरवायचं असतं, तिथे पुराव्याचा कस फौजदारी खटल्याइतका कडक नसतो.

आता सगळ्यात घाईचं. चार महिने झाले म्हणताय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत घालायचा, ही अट २०१९ च्या दुरुस्तीने परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. हातात दोनच महिने आहेत. हा दावा गाडीच्या विमा कंपनीवर असतो, त्याचा पोलीस खात्याशी संबंध नाही. लोकांना वाटतं पेन्शन मिळाली की हा मिळत नाही. तसं नाही. हेलन रिबेलो प्रकरणात १९९८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फॅमिली पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, आयुर्विमा हे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत. २०१८ मध्ये सेबास्टियानी लाक्रा प्रकरणात तेच पुन्हा ठामपणे म्हटलं. मुद्दाम गाडी घातली असं आपण म्हटलं तर हा दावा बुडेल का, अशी भीती असेल तर २००० सालचा रिटा देवी निकाल बघा. खुनाच्या प्रकरणातही, मूळ हेतू काय होता ते पाहून, वाहनाच्या वापरातून झालेला अपघात धरला जाऊ शकतो.

नोकरीबद्दल. १९९४ च्या उमेश कुमार नागपाल निकालापासून कायदा स्पष्ट आहे, अनुकंपा नोकरी हा वारसा नाही. कमावता गेल्यावर उघड्या पडलेल्या कुटुंबाला लगेच हात देण्यासाठी ती असते. म्हणून उशीर झाला की दावा कमकुवत होतो. केंद्राच्या योजनेत भावाला जागा आहे, पण मयत अविवाहित असेल आणि भाऊ पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असेल तेव्हाच. विवाहित माणसाच्या मागे पत्नी आणि मुलं. तुमच्या यजमानांचं नाव पुढे केलंत तर गोंधळ होईल आणि त्यात जावेचा वेळ जाईल.

---

दिपा_डिचोली, मंगळवार, रात्री १०:१५

सत्तरीच्या ताई, मी जावेच्या जागची आहे. माझे मिस्टर अग्निशमन दलात होते. सहा वर्षं झाली. कुठे, कसं, ते लिहीत नाही, लोक ओळखतात.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ फायरमन गेले, त्यांच्यासाठी. पोलिसांचा २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला गेलेल्या दहा जवानांसाठी. मला दोन वर्षं बोलावलं, शाल दिली. त्या दोन्ही वर्षी माझी पेन्शन सुरू झालेली नव्हती. खुर्चीत बसून बिगुल ऐकताना मनात एकच, घरी दुधाचं बिल राहिलंय. जे झालं ते लिहिते, कुणाबद्दल कडवट बोलायचं नाही.

माझं काय अडलं ते ऐका. आपल्या गोव्यात लग्नाच्या दोन सह्या. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग पंधरा दिवस हरकतीचे, मग दुसरी सही. देवळात लग्न लागलं, जेवणावळ झाली की कित्येक जोडपी दुसरी सही करायला जातच नाहीत. दुसरी सही नाही म्हणजे लग्नाची नोंदच पुरी नाही. आमच्या दोन्ही झाल्या होत्या, देवाची कृपा. पण नोंदीत माझं माहेरचं नाव एक, त्यांच्या सर्व्हिस बुकात दुसरं. घरात मला दिपा म्हणतात, जन्मदाखल्यावर वेगळंच आहे. 'ही तीच बाई' एवढं सिद्ध करायला अकरा महिने गेले. प्रतिज्ञापत्र, पंचायतीचा दाखला, शाळेचा दाखला, परत प्रतिज्ञापत्र.

ताई, आज रात्रीच लग्नाच्या नोंदीची प्रत शोधा. दुसऱ्या सहीची तारीख आहे का बघा. नाव अक्षर न अक्षर जुळतं का बघा.

आणि ज्यांचे नवरे खाकीत किंवा फायरमध्ये आहेत त्या सगळ्या बायकांनी, अभद्र वाटलं तरी, हे आत्ताच तपासा. आमच्या चाळीत मी सात जणींचे कागद बसून तपासले. तिघींची दुसरी सही नव्हती. एका रविवारी तिघींच्या नवऱ्यांना चहाला बोलावून सांगितलं. दोघांनी महिन्याभरात केली.

---

साखळीकर, बुधवार, सकाळी ९:००

दिपाताई, वाचनखूण साठवली. आमचीही दुसरी सही राहिली आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी पोलिसांच्या आयआरबीत (भारत राखीव बटालियन) आहे. या आठवड्यात जातो.

---

एका_पायाचा_हवालदार, बुधवार, रात्री ९:४५

मेलेल्यांचं निदान लोक बोलतात. जे वाचले आणि मोडले त्यांच्याबद्दलही इथे असू दे.

पेट्रोलिंगला बाइकवर होतो, ट्रकने मागून धडक दिली. डावा पाय गुडघ्याखाली कापला. मेडिकल बोर्डाने ६० टक्के अपंगत्व लिहिलं. घरी येऊन एक जण म्हणाला, आता स्वेच्छानिवृत्ती घे, आराम कर. मी जवळजवळ अर्ज लिहिला होता. बायकोने कागद काढून घेतला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) असं सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराची दुसरी जागा द्यायची, जागा नसेल तर जादा जागा निर्माण करायची. ज्या आस्थापनेला सरकारने सूट दिलेली नसेल तिला हे पाळावंच लागतं. मी आज वायरलेसवर बसतो. पगार तोच, वर्दी तीच.

असाधारण पेन्शनचे नियम अपंगांनाही आहेत. नोकरी सोडावीच लागली तर शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के अपंगत्व पेन्शन, सेवेच्या पेन्शनच्या वर. टक्केवारी वरच्या टप्प्याला धरतात. ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ ला ७५, त्यावर १००. म्हणजे माझे ६० हे ७५ झाले. नोकरीत ठेवलं तर या पेन्शनऐवजी एकरकमी भरपाई मिळते, ती मागावी लागते. मला तीन वर्षं कुणी सांगितलंच नाही.

बोर्डाच्या कागदावर नुसती टक्केवारी नको. 'कर्तव्यामुळे' हा शब्द हवा. काका म्हणतात तेच माझ्याही कागदाला लागू.

---

जर्सीतला_पेडणेकर, गुरुवार, पहाटे ४:३०

इथे अमेरिकेत माझा शेजारी स्वयंसेवक फायरमन आहे, पगार घेत नाही. तरी कर्तव्यावर मरण आलं तर घरच्यांना पैसे देणारी तिथल्या केंद्र सरकारची योजना त्याला लागू आहे. १९७६ साली ५० हजार डॉलरपासून सुरू झाली, आता साडेचार लाखांच्या आसपास एकरकमी मिळतात. पोलीस, फायरमन सगळ्यांना तीच रक्कम, हुद्दा बघत नाहीत. एक गोष्ट मला फार पटली. २००३ साली त्यांनी कायदा केला की कष्टाच्या ड्युटीनंतर २४ तासांत हृदयविकाराचा झटका आला तर तो कर्तव्यामुळेच आला असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर पुरावा सरकारने द्यायचा. दावे तिथेही रखडतात, पण ओझं विधवेच्या डोक्यावर नाही.

आपल्याकडे बंदोबस्तात छातीत दुखून गेलेल्यांचं काय होतं?

---

फोंड्याचे_काका, गुरुवार, सकाळी ८:१०

ते बी गटात यायला हवं, पण संबंध दाखवायचं ओझं आपल्याकडे घरच्यांवर येऊन पडतं. सलग किती तास ड्युटी होती, त्याचा चार्ट आणि त्या दिवसाचा ईसीजी हे दोन कागद लगेच हातात घ्यावेत. साध्या आजाराचा मृत्यू म्हणून फाइल बंद झाली की परत उघडायला फार कष्ट पडतात. मी असं दोनदा पाहिलंय आणि टेबलाच्या या बाजूला बसून मला काही करता आलं नाही. निवृत्त झाल्यावर इथे लिहीत बसतो ते त्यामुळेच.

सत्तरीच्या बाय, तुझे राहिलेले प्रश्न. गोव्यात ५ ऑगस्ट २००५ नंतर लागलेले सगळे एनपीएसवाले, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतले. पण एनपीएस म्हणजे फॅमिली पेन्शन नाही, हा गैरसमज आहे. सेवेत मृत्यू आला तर जुन्या नियमांची पेन्शन देण्याची सोय केंद्राने २००९ पासून केली, २०२१ च्या नियमांत ती पक्की झाली. पेन्शन घेतली की खात्यातला सरकारचा हिस्सा सरकारकडे परत जातो, त्याने स्वतः भरलेले पैसे घरच्यांना मिळतात. 'एनपीएसचे सगळे पैसे एकदम काढा, लाखांत येतात' असा सल्ला देणारे भेटतील. एकदा ते काढले की पेन्शनचा रस्ता बंद होतो. कुठल्याही पर्यायाच्या फॉर्मवर सही करण्याआधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

ग्रॅच्युइटी: ११ ते २० वर्षं सेवा असेल तर पगाराच्या २० पट, ५ ते ११ वर्षं असेल तर १२ पट. तुझ्या दिराची भरतीची तारीख आणि मृत्यूची तारीख मांडून बघ, अकरा पुरी होतात की थोडक्यात राहतात. यात पगार म्हणजे मूळ अधिक महागाई भत्ता. आणखी एक: पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे जा. पोलिसांच्या सॅलरी पॅकेजला अपघात विमा असतो आणि कळवायची मुदत छोटी असते.

---

सत्तरीची_थोरली, शुक्रवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून काय केलं तेच लिहिते.

लग्नाच्या दोन्ही सह्या झालेल्या आहेत, तारखा बघितल्या. नावही जुळलं. दिपाताई, ती प्रत हातात आली तेव्हा जाऊ रडली, मीही रडले.

अकरा वर्षं पुरी होतात, दोन महिने वर.

ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन लग्नाआधीचं निघालं, सासूबाईंच्या नावे. जाऊ म्हणाली, असू दे.

---

होमगार्ड_काणकोण, शनिवार, सकाळी ६:५०

त्याच नाकाबंदीवर त्याच रात्री होमगार्डही उभा असतो. त्याला यातलं काही नाही. पेन्शनचा नियम लागतच नाही, मानधनावर काम. बायकोला हा धागा वाचून दाखवला नाही.

---

अ‍ॅड_म्हापसा, शनिवार, सकाळी १०:००

काणकोणकर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि हे बदलायला हवं. पण मोटार अपघाताचा दावा तुम्हालाही तितकाच लागू आहे, तिथे वर्दीचा रंग बघत नाहीत. ठोकणारी गाडी सापडलीच नाही तरी पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून. थोडं आहे, पण तुमच्या घरच्यांना ठाऊक असू द्या. ड्युटीवर पाठवताना लेखी आदेशाची प्रत घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढून बायकोला पाठवून ठेवा. वाचून दाखवा तिला.

सत्तरीच्या ताई, नॉमिनेशन ग्रॅच्युइटीला चालतं, फॅमिली पेन्शनला नाही. पेन्शन कुणाला जाते ते नियम ठरवतो, ती मयताची मालमत्ताच नाही, मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही (व्हायोलेट इसाक, १९९१). पत्नी हयात असताना ती आईकडे जात नाही. घरात हे शांतपणे सांगा.

---

सत्तरीची_थोरली, पुढच्या बुधवारी, रात्री १०:२०

सांगितलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा थोरला कष्टाने खाईल, पण हिला मी घरात बसवून ठेवू?" जावेच्या अनुकंपा नोकरीसाठी ना हरकतीच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी अंगठा दिला, माझ्या नवऱ्याने सही केली. ग्रॅच्युइटीचे पैसे नातीच्या नावे ठेवायचे असं त्याच म्हणाल्या, आम्ही कुणी सुचवलं नव्हतं. मी म्हटलं थोडे तुमच्या औषधाला ठेवा.

ड्युटी चार्ट आणि स्टेशन डायरीतली त्या रात्रीची नोंद मिळाली. नोंदीत स्पष्ट आहे: इशारा करूनही वाहन न थांबता वेगाने आले. हे वाक्य चार महिने त्या वहीत होतं. पत्र लिहिणाऱ्याने ते वाचलं नव्हतं. मजकूर दुरुस्त करून द्यावा आणि डी गटाचा विचार व्हावा असा अर्ज जावेने स्वतः लिहिला, स्वतःच्या अक्षरात. मी फक्त बाजूला बसले. कलम वाढवण्याचा अर्ज तपास अधिकाऱ्याने घेतला, शिक्का मारून प्रत दिली. मोटार अपघाताच्या दाव्याचं वकीलपत्र काल झालं.

उद्या पहिल्या बसने दोघी पणजीला जातोय, लेखा संचालनालयात पेन्शनचे कागद कसे लागतात ते विचारायला. पोरीला सासूबाई बघणार.

---

फोंड्याचे_काका, बुधवार, रात्री १०:४५

फाझेंदा इमारत, पाटोच्या बाजूने चालत जाता येतं. पोरीच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रती जास्त घ्या, जावेचे पासपोर्ट फोटो सहा घ्या. स्टेशन डायरीची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. मी दहा वाजता खाली उभा असेन, हातात काळी छत्री असेल.